लॅपटॉप आज घ्यावा, कीं थांबावें?

२०२५ च्या डिसेंबरांत आम्ही खामगांवास एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. पुढच्या खोलींत कापसाचा ढीग आढ्यास टेंकला होता, आणि घरांतील लहानमोठीं माणसें अंग खाजवीत होतीं. वेंचलेला कापूस घरांत फार दिवस राहिला म्हणजे हा प्रसाद मिळतोच. यजमानांची मुलगी शेगांवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास होती व तिला लॅपटॉप हवा होता. रात्रीं जेवणें झाल्यावर यजमान म्हणाले, "मास्तर, कापूस धरून ठेवला, भाव चढेल म्हणून. लॅपटॉप घ्यायचा थांबलो, भाव उतरेल म्हणून. दोन्हीकडं थांबलो, दोन्हीकडं बरोबर कसं असेल?" प्रश्न हंसत विचारलेला होता, पण त्याचें उत्तर आम्हांस त्या रात्रीं देतां आलें नाहीं.

भावासाठीं थांबणें खामगांवास नवें नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसास पूर्वीं कोणीं न पाहिलेला भाव आला. १८६५ त युद्ध संपलें, तसा तो कोसळला. आणखी थोडा चढूं द्यावा म्हणून ज्यांनीं माल अडवून ठेवला होता ते पोळले. मुंबईंत तर त्या पैशाच्या जोरावर निघालेल्या बॅक बेसारख्या कंपन्यांचे भाग मातीमोल झाले. पुढें १८७० सालीं जलंबपासून खामगांवापर्यंत आठ मैलांचा लोहमार्ग तयार झाला व त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. (गांव तेव्हां अकोला जिल्ह्यांत होतें, बुलढाण्यांत तें १९०५ सालीं आलें. खामगांवाहून जालन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाची वाट पाहण्यांत मात्र येथील कित्येक पिढ्या गेल्या.) त्याच १८७० सालीं समुद्राखालील तारेनें मुंबई इंग्लंडास जोडली गेली. तोंपर्यंत विलायतची बातमी रडतखडत येई. आतां लिव्हरपूलचा दर वऱ्हाडांतल्या अडत्याच्या कानीं लौकर पडूं लागला. पण तार कालचा भाव सांगे, उद्यांचा नव्हे. शिवाय शेतकऱ्याचें थांबणें आणि पेढीवाल्याचें थांबणें यांत अंतर होतें. पेढीवाला गुदामाला कुलूप लावून स्वस्थ बसे. शेतकऱ्याच्या डोक्यावर सरकारचा हप्ता व सावकाराचें व्याज असे, आणि तीं दोन्ही कोणासाठीं थांबत नसत.

हा झाला विकणाराचा इतिहास. घेणाराचा याच्या अगदीं उलट आहे. १९६५ सालीं गॉर्डन मूर यानें असें भाकीत केलें कीं, एका चकतीवर मावणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या दरवर्षीं दुप्पट होत जाईल. १९७५ त त्यानेंच ती मुदत दोन वर्षांवर नेली. तें भाकीत पुढें कित्येक दशकें बहुतांशीं खरें ठरलें. तितका काळ जो थांबला त्याला तेवढ्याच पैशांत अधिक चांगलें यंत्र मिळालें, हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. आमच्या यजमानांचे थोरले बंधु मुलीस "अजून थोडं थांब, बाई" असें सांगत होते, तें अडाणीपणानें नव्हे.

अशा थांबण्यानें एक कंपनी बुडाली अशी प्रसिद्ध कथा आहे. ॲडम ऑसबोर्न याचें बालपण तिरुवण्णामलै येथें गेलें व तो २००३ सालीं कोडाईकनाल येथें वारला. मधल्या काळांत अमेरिकेंत त्यानें १९८१ सालीं हातांत धरून नेतां येईल असा संगणक विकावयास काढला. किंमत १,७९५ डॉलर, वजन सुमारें ११ किलो! तरीहि लोकांच्या त्याच्यावर उड्या पडल्या. मग याहून सरस यंत्र येत आहे अशी वार्ता फुटली, गिऱ्हाइकें हात आंखडून बसलीं, आणि १९८३ च्या सप्टेंबरांत कंपनीचें दिवाळें वाजलें. योगायोग असा कीं, शेगांवचें महाविद्यालय त्याच सालीं निघालें. आमच्या मतें या कथेंत गिऱ्हाइकावर जरा अधिक भार घातला जातो; केप्रोचें स्वस्त यंत्र आणि आयबीएमच्या धर्तीचे संगणक ऑसबोर्नला तितकेच भोंवले. पण जीं गिऱ्हाइकें थांबलीं त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं, हें खरेंच.

येथवर थोरल्या बंधूंचा पक्ष बळकट आहे. मात्र हा नियम मोडलाहि आहे. २०११ सालीं थायलंडांत पूर आला, तेथील कारखाने पाण्याखालीं गेले, आणि हार्ड डिस्कचे भाव जगभर भडकले. २०२० सालीं शाळा बंद होऊन मुलें घरीं बसलीं, तेव्हां लॅपटॉप मिळणेंच दुरापास्त झालें. ३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपल्या सरकारनें लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट अचानक घातली. ती लगेच पुढें ढकलून नंतर सौम्य केली गेली, पण मधले कांहीं दिवस दुकानदार व गिऱ्हाइकें दोघेहि गोंधळलीं. आणि २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे दर चढूं लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं जीं प्रचंड संगणकगृहें उभीं राहत होतीं, त्यांस लागणारी स्मृति पुरविण्याकडे सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तिन्ही बड्या उत्पादकांनीं तोंड वळविलें. डिसेंबरांत तर मायक्रॉननें सामान्य गिऱ्हाइकासाठींचा 'क्रुशल' हा आपला व्यवसायच गुंडाळण्याचें जाहीर केलें. असा कारखाना नवा उभारण्यास वर्षें लागतात. भाव चढला म्हणून पौषांत कपाशी पेरतां येत नाहीं, तसेंच हें. इकडे ऑगस्टांत सरकारनें परदेशी कापसावरील आयातशुल्क उठवून ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढविली होती. म्हणजे आमचे यजमान जेथें चढण्याची वाट पाहत होते तेथें उताराचें कारण घडलें होतें, आणि जेथें उताराची वाट पाहत होते तेथें चढ लागला होता.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यांना म्हटलें कीं, या दोन थांबण्यांस एका तराजूंत घालूं नका. कापूस धरून ठेवला तर वजन थोडें घटेल, व्याज चढेल, अंगास खाज सुटेल. पण तो मार्चांतहि कापूसच राहील. मुलीचें सत्र मार्चांत परत येणार नाहीं. ती मैत्रिणीचें यंत्र रात्रीं दहानंतर मागून घेऊन आपले पाठ करीत होती, आणि मैत्रिणीची परीक्षा आली कीं तिचें काम बंद पडे. ज्याच्याजवळ चालतें यंत्र आहे त्यानें खुशाल थांबावें. ज्याच्याजवळ नाहीं तो किंमत वांचवीत नाहीं, ती दुसऱ्या खात्यावर भरतो. मुलीनें यावर वहींत एक हिशेब दाखविला. सोळा जीबी रॅम असलेलें नवें यंत्र, आणि दुरुस्त करून विकलेलें जुनें, ज्यांत रॅम पुढें वाढवितां येते, यांच्या किंमती तिनें शेजारीं शेजारीं लिहिल्या होत्या. बऱ्याच नव्या यंत्रांत रॅम मुख्य पट्टीवर कायमची डाखलेली असते व मागाहून वाढवितां येत नाहीं, ही गोष्ट आम्हांस तिच्याकडूनच समजली. वहींतील तारीख सप्टेंबरची होती. त्या किंमती आतां राहिल्या नाहींत, एवढेंच ती म्हणाली.

वडील बराच वेळ वही चाळीत बसले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दाराशीं गाडी लागली आणि दुपारपर्यंत पुढच्या खोलींतला ढीग निम्मा झाला. उरलेल्या निम्म्या कापसासाठीं ते अजून थांबणार होते. त्याबद्दल त्यांनीं आमचें मत विचारलें नाहीं.