चोखोबांची पायरी

श्रोतेहो, श्रद्धा म्हटली की आपल्याला देऊळ आठवतं. पण मंगळवेढ्याच्या संत चोखामेळ्यांना जातीमुळं पंढरीच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. मग त्यांची भक्ती राहिली कुठं? तर घरात आणि कामात. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, तिचे पती बंका, सगळ्यांनीच अभंग रचले. १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं नि त्याखाली चोखोबांचा अंत झाला. समाधी झाली महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच!

पुढं सहाशे वर्षं ते दार अस्पृश्यांना बंद राहिलं. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं, तेव्हा उपोषण सुटलं.

गुरुजींचं बळ श्रद्धेचंच होतं, आणि दार अडवणारेही तिचंच नाव घेत होते, बरं का! तेव्हा आपली श्रद्धा उंबऱ्यावर, पाणवठ्यावर कुणाला थांबवते, हे ज्यानं त्यानं तपासावं. शिक्षकबंधूंनी ही हकीकत सांगताना मुलांनाही हेच विचारावं.