बेटावरचा झेंडू कुठला?

कल्याणहून कर्जतच्या बाजूला जाणारी लोकल पकडली की पहिलं स्टेशन लागतं विठ्ठलवाडी. या भागात चौकाच्या मधोमध कठडा घातलेला जमिनीचा तुकडा दिसतो, त्याला वाहतूक बेट म्हणतात. अशा एका बेटावर बायकांनी मिळून फुलझाडं लावावीत, असा विषय आमच्या बैठकीत निघाला.

एक काकू म्हणाल्या, "लावा, पण आपली लावा. झेंडू, सदाफुली, पांढरा चाफा. परदेशी नकोत. आणि पाणी कोण घालणार? इथं सगळे बाहेरून आलेले. रस्ता कोणाचाच नसतो."

काकूंची दोन्ही वाक्यं माझ्या मनात राहिली. मी शोधत बसले.

झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. कोलंबसानंतर जहाजांतून जगभर फिरत तो आपल्याकडे आला. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या आठवणीसाठी झेंडूच मांडतात, आणि आपलं दसऱ्याचं तोरण त्याच्यावाचून होत नाही. सदाफुली मादागास्कर बेटावरची. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध निघालं. देवळाच्या अंगणातला पांढरा चाफासुद्धा अमेरिका खंडातला. सोनचाफा मात्र खरा आपल्याकडचा. काकूंची "आपली" फुलं तिन्हीही समुद्रापलीकडची निघाली!

आता माणसांचं बघा. विठ्ठलवाडीला लागूनच उल्हासनगर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधलं घरदार सोडून आलेली कुटुंबं त्या बराकींत उतरली. १९४९ साली तिथे उल्हासनगर नावाने शहराची पायाभरणी झाली, शेजारच्या उल्हास नदीवरून. पडवीत पहिली तुळस किंवा पहिलं रोप कोणी लावलं, याची नोंद मात्र कुठल्या पुस्तकात मला सापडली नाही. बायकांच्या कामाची नोंद अशीच राहून जाते.

मुंबईतही एक गंमत आहे. फोर्टातली फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. तिचं कारंजं आधी भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी ठरलं होतं, पण १८६४ साली ते रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं. म्हणजे बागेची देवी वाहतुकीत आली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर याच परिसरात गोळीबार झाला. पुढे शेजारीच स्मारक झालं, चौकाचं नाव हुतात्मा चौक झालं. आज तिथे लोक फुलं वाहायला जातात. रस्ता कोणाचाच नसतो असं त्या चौकात उभं राहून म्हणवत नाही.

मग आम्ही ठरवलं ते असं. कडेला झेंडू आणि सदाफुली, गुडघ्याच्या खालीच, म्हणजे मोटारसायकलवाल्याला पलीकडची बाई आणि तिचं पोर दिसेल. मधे कण्हेर, कारण उन्हाला टिकते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. पण ती विषारी आहे, पोरांना पान चघळू देऊ नका. आधी पालिकेची लेखी परवानगी, नाहीतर कोणी उपटून टाकेल.

पाण्याचं अजून अडलंय. पावसाळ्यात प्रश्न नाही, एप्रिल-मेमध्ये आहे. आठवड्याची पाळी लावायची असं ठरतंय. मेचे शेवटचे दोन आठवडे अजून कोणी घेतलेले नाहीत.