मूडबिद्रीचे सिद्धांतग्रंथ आणि सोलापूरची वर्गणी

धवला, जयधवला व महाधवला या नांवांनीं प्रसिद्ध असलेले दिगंबर जैनांचे सिद्धांतग्रंथ आज छापील स्वरूपांत कोणासहि मिळतात. ते कित्येक शतकें दक्षिण कन्नड जिल्ह्यांतील मूडबिद्री या एकाच गांवीं, सिद्धांतबसदी नांवाच्या मंदिरांत, जुन्या कानडी लिपीच्या ताडपत्रांवर राहिले होते, हेंहि आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु हीं ताडपत्रें नकलून घेण्याची खटपट सोलापुरांतून झाली, आणि ती कोणा राजाच्या आश्रयानें नव्हे तर व्यापाऱ्यांच्या वर्गणीनें तडीस गेली, ही गोष्ट ग्रंथांच्या प्रस्तावनांतच पडून राहिली आहे. धर्मादाय पैशानें ग्रंथरक्षण करूं पाहणारांस कोणत्या अडचणी येतात हें तीवरून नीट कळतें, म्हणून ती येथें मांडतों.

पुष्पदंत व भूतबली यांच्या षट्खंडागमावर वीरसेनांनीं धवला टीका रचली. तिचा विस्तार ७२,००० श्लोकांइतका मानतात. जयधवला ६०,००० श्लोकांची. ती वीरसेनांच्या हातून अपुरी राहिली व त्यांचे शिष्य जिनसेन यांनीं शके ७५९ मध्यें पुरी केली. पुढें दहाव्या शतकांत नेमिचंद्रांनीं गोम्मटसार हा सारग्रंथ केला आणि अभ्यासकांचें काम त्यावरच भागूं लागलें. मूळ ग्रंथ पूजेंत गेला. यात्रेकरू मूडबिद्रीस जात, रत्नप्रतिमांबरोबर ताडपत्रांचेंहि दर्शन घेत, भेट ठेवीत व परत येत. वाचणारा कोणी नव्हता.

१८८३ सालीं मुंबईचे शेट माणिकचंद हिराचंद जव्हेरी अशाच यात्रेस गेले. पानें जीर्ण होत चाललेलीं पाहून त्यांनीं हीं वाचतां कोणास येतात म्हणून विचारलें; तेव्हां श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरि शास्त्र्यांचें एकट्याचें नांव निघालें. माणिकचंदांनीं ही हकीकत सोलापूरचे शेट हिराचंद नेमचंद दोशी यांस कळविली. हिराचंद हे गुजराथेंतून या भागांत येऊन स्थायिक झालेल्या हुमड व्यापारी घराण्यांतले, 'जैनबोधक' या मराठी पत्राचे संस्थापक. (उद्योगपति वालचंद हे त्यांचेच पुत्र, पण पुत्राच्या कीर्तीखालीं पित्याचें हें काम झांकलें गेलें आहे.) दुसऱ्याच वर्षीं ते मूडबिद्रीस गेले, शास्त्रीबोवांस सोबत नेलें आणि ग्रंथाचा थोडा भाग प्रत्यक्ष वाचवून ऐकला.

यानंतर नकलेचें काम सुरू होण्यास मात्र सुमारें बारा वर्षें लागलीं. वाचकांस हा विलंब मोठा वाटेल. परंतु मंदिर, प्रतिष्ठा किंवा धर्मशाळा यांसाठीं पैसा मिळविणें वेगळें आणि जो ग्रंथ दात्यानें पाहिलेला नाहीं, पाहिला तरी वाचतां यावयाचा नाहीं, त्याच्या नकलेसाठीं मिळविणें वेगळें. शास्त्रदान जैनांस नवें नव्हे. दहाव्या शतकाच्या अखेरीस अत्तिमब्बेनें पोन्नाच्या शांतिपुराणाच्या १,००० प्रती करवून वांटल्या होत्या. पण तें एका श्रीमंत बाईचें दान होतें व प्रती वांटण्यासाठींच होत्या. येथें अनेकांची वर्गणी, दरमहा पगाराचे लेखक आणि वर्षानुवर्षें चालणारा खर्च असा प्रकार होता. हिराचंद व माणिकचंद यांनीं वर्गणी जमविली आणि १८९६ सालीं ब्रह्मसूरि शास्त्री व गजपति उपाध्याय यांनीं नागरी नकलेस आरंभ केला. काम चालू असतांनाच शास्त्रीबोवा वारले. गजपतींनीं धवला व जयधवला यांच्या नकला तडीस नेल्या. त्यास सोळा वर्षें लागलीं. महाधवलेसह सर्व काम १९२२ पर्यंत चाललें व सुमारें वीस हजार रुपये खर्ची पडले.

आणि या नकला मूडबिद्रींतच राहिल्या! पंचांनीं नकल करूं दिली, बाहेर नेऊं दिली नाहीं. वर्गणीदारांच्या पैशानें एका जीर्ण प्रतीच्या जागीं त्याच मंदिरांत दुसरी धड प्रत झाली, इतकेंच. पंचांस आम्ही दोष देत नाहीं. ज्यांच्या पूर्वजांनीं ग्रंथ इतकीं शतकें जतन केला त्यांस तो हातचा जाण्याची भीति वाटणें स्वाभाविक होतें. दोष असलाच तर पैसे देतांना प्रतीचा हक्क कोणाचा हें आधीं न ठरविण्यांत आहे.

ग्रंथ बाहेर आला तो निराळ्याच वाटेनें. गजपति उपाध्यायांनीं पंचांच्या नकळत एक कानडी प्रत स्वतःसाठीं केली. तींत त्यांची पत्नी लक्ष्मीबाई हिचा मोठा हात होता. ही प्रत त्यांनीं हिराचंद व माणिकचंद यांस देऊं केली. ज्या ग्रंथासाठीं इतका खटाटोप केला तो घरीं चालून आला असतां दोघांनींहि तो घेण्याचें नाकारलें. १९१५ सालीं सहारनपूरचे लाला जंबुप्रसाद यांनीं ती प्रत विकत घेतली. तिची नागरी नकल करण्याच्या कामावर असलेल्या सीताराम शास्त्र्यांनीं आपल्यापाशीं आणखी एक प्रत ठेविली आणि तिच्यावरून आरा, कारंजा इत्यादि ठिकाणीं प्रती गेल्या. हिराचंदांचा नकार आम्हांस योग्य वाटतो. पंचांच्या विश्वासावर मिळालेली सवलत त्यांस मोडावयाची नव्हती. तथापि त्या दांपत्याची लबाडी नसती तर १९३९ सालीं अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांनीं धवलेचा पहिला भाग छापला तो छापतां आला नसता, हेंहि तितकेंच खरें. त्या छपाईस भेलशाच्या शेट शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या देणगीचा आधार होता.

नकलेवरून झालेल्या नकलेचा धोका त्याच भागांत दिसून आला. सत्प्ररूपणेच्या ९३ व्या सूत्रांत मनुष्यिणींच्या गुणस्थानांचा विचार आहे. तेथें 'संजद' हा शब्द हातच्या प्रतींत नव्हता. तो असावा असें संपादकांनीं टिपेंत सुचविलें आणि स्त्रियांच्या अधिकाराविषयीं मोठा वाद माजला. पुढें मूडबिद्रीच्या ताडपत्रांत तो शब्द मिळाला. १९४१ च्या तिसऱ्या भागापासून पंचांच्या संमतीनें ताडपत्रांशीं पाठ ताडण्याची सोयहि झाली. सोळावा व शेवटचा भाग १९५८ सालीं निघाला.

सोलापुरांत हें वळण पुढेंहि टिकलें. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनीं १९४० सालीं आपली संपत्ति धर्मकार्यीं लावण्याचें ठरविलें, तेव्हां ती कशास द्यावी हें त्यांनीं देशभर हिंडून पंडितांस विचारलें. १९४१ च्या उन्हाळ्यांत नाशिकजवळ गजपंथ येथें विद्वानांची सभा भरविली आणि ३०,००० रुपये देऊन जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापिला. १९४४ सालीं उरलेली सुमारें दोन लाखांची मालमत्ताहि त्यांनीं संघाच्या स्वाधीन केली. वर्गणी मागणारे पुष्कळ. काम शोधीत हिंडणारा दाता विरळा. संघाच्या ग्रंथमालेंत पहिला ग्रंथ तिलोयपण्णत्ति. त्याचा पहिला भाग १९४३ सालीं निघाला. पुढें १९७३ पासून धवलेच्या सुधारलेल्या आवृत्त्याहि याच संघानें सोलापुरांतून काढल्या.

धवलेची कागदी नागरी प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं प्रथम ९३ वें सूत्र पाहावें. तेथें 'संजद' नसेल तर ती सहारनपूरच्या प्रतीपासून उतरली असण्याचा संभव अधिक. मग अखेरच्या पानावर लेखकाचें नांव, गांव व मिति काय आहे तें नकलून ठेवावें.