सिम्युलेशनचं उत्तर बरोबर आहे, हे कसं तपासतात?

रडार किंवा उपग्रहातलं मायक्रोवेव्ह सर्किट प्रत्यक्षात बनण्याआधी कॉम्प्युटरवर तपासलं जातं. धातूच्या पट्ट्यांमधून लहरी कशा जातील, हे सॉफ्टवेअर मॅक्सवेलची समीकरणं सोडवून सांगतं. त्यात लहरीच्या वेगाची चूक फक्त १ टक्का असली, तरी १० गिगाहर्ट्झचा फिल्टर १०० मेगाहर्ट्झने सरकतो. फिल्टरचा पट्टाच तेवढा असेल, तर बनवलेला नग वाया!

मग खात्री कशी करायची? सहसा सर्किट बनवून मोजतात आणि दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवतात. ते जुळले की सगळे खूश. पण मोजणीतही चुका असतात. कनेक्टर, बोर्डाची जाडी, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, काहीच नेमकं नसतं. दोन चुका विरुद्ध दिशांना असल्या, तर एकमेकींना झाकतात.

त्यापेक्षा उत्तर आधीच माहीत असलेलं गणित सॉफ्टवेअरला घालावं. अमेरिकी अभियंते जेम्स राउटिओ यांनी १९९४ मध्ये असंच एक गणित मांडलं. धातूचे दोन पत्रे १ मिलिमीटर अंतरावर, मध्ये पोकळी आणि बरोबर मधोमध १.४४२३८९६ मिलिमीटर रुंदीची पट्टी. पट्टीची जाडी शून्य मानली, की तिचा इम्पीडन्स सूत्राने नेमका ५० ओहम येतो. लांबी ४.९९६५ मिलिमीटर, म्हणजे १५ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी.

इथे ५० ओहमच्या जोडणीत परावर्तन शून्य आणि फेज ९० अंश यायला हवी. परावर्तन ०.०१ आलं, तर इम्पीडन्स सुमारे १ टक्क्याने चुकला. फेज ९०.९ अंश आली, तर वेगातली चूकही तेवढीच. वेगळा हिशेबच नको, हीच यातली गंमत.

चूक बहुतेकदा येते ती चौकटींतून. सॉफ्टवेअर पट्टीचे लहान चौकोन पाडतं, पण वीजप्रवाह पट्टीच्या कडांशी दाटतो. तिथे चौकोन मोठे राहिले, की उत्तर बिघडतं. म्हणून चौकोन निम्मे करून सिम्युलेशन पुन्हा चालवतात आणि चूक किती घटते ते पाहतात. आकडा स्थिरावला, पण चुकीच्याच जागी, तर संशय पोर्टवर, म्हणजे लहर आत सोडण्याच्या जागेवर घ्यावा. नुसतं ‘आकडा आता बदलत नाही’ यावर समाधान मानणारे इथेच फसतात.

या चाचणीत धातूची जाडी, वळणं आणि ऊर्जेचा ऱ्हास येत नाही. त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.