गुण, श्रेणी आणि सरासरी

परीक्षेचा निकाल लागला कीं घरांत पहिला प्रश्न येतो तो "किती मिळाले?" हा. उत्तर एका आंकड्यांत मिळतें, आणि त्या आंकड्यावर पुढील शिक्षण, नोकरी, क्वचित् प्रसंगीं सोयरिकीचीं बोलणीं देखील अवलंबून राहतात. परंतु विद्वत्ता ही कांहीं गजानें मोजतां येणारी वस्तु नव्हे. मग तिला हा आंकडा कधीं चिकटला, आणि त्याजवर भरंवसा तरी किती ठेवावा?

युरोपांतील जुन्या विद्यापीठांत परीक्षा म्हणजे मुख्यतः वादविवाद असे. विद्यार्थ्यानें लॅटिन भाषेंत एखादा सिद्धान्त मांडावा, दुसऱ्यांनीं तो खोडावा, आणि वृद्ध पंडितांनीं ऐकून निर्णय द्यावा. केंब्रिजच्या गणित-परीक्षेंतील 'रँग्लर' ही पदवी याच प्रथेची आठवण होय. तिचा मूळ अर्थच वाद घालणारा असा आहे. अठराव्या शतकांत वादाची जागा हळूहळू लेखी उत्तरांनीं घेतली आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नांवें गुणानुक्रमानें छापूं लागले. यादीच्या शिरोभागीं सीनिअर रँग्लर, आणि तळाशीं जो असेल त्यास सहाध्यायी थट्टेनें लांकडी चमचा देत.

या यादीचा मान मोठा होता. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीनें तिच्या अग्रस्थानीं आले, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रास तो आपलाच विजय वाटला. तथापि याच यादीच्या मर्यादाही लवकरच दिसून आल्या होत्या. १८५४ सालीं एडवर्ड राउथ पहिला व जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरा आला. राउथ पुढें विख्यात अध्यापक झाला हें खरें. पण विद्युत् आणि चुंबकत्व यांचें शास्त्र नव्यानें रचलें तें मॅक्सवेलनें. १८९० सालीं फिलिपा फॉसेट हिचे गुण सीनिअर रँग्लरहूनही अधिक भरले. परंतु त्या काळीं स्त्रियांना पदवीच मिळत नसल्यामुळें तिला तें पद मिळालें नाहीं. आंकडा बोलत होता, पण नियम ऐकावयास तयार नव्हता! अखेर १९०९ नंतर केंब्रिजनें गुणानुक्रमाची ही यादी बंद केली आणि केवळ वर्ग जाहीर करण्याची रीत स्वीकारली.

अमेरिकेंत गोष्ट निराळ्या मार्गानें गेली. १७८५ सालीं येल येथील अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनीं अठ्ठावन विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन त्यांचे चार गट पाडल्याची नोंद आपल्या रोजनिशींत केली आहे: वीस उत्तम, सोळा दुय्यम, बारा त्याहून कमी व दहा निकृष्ट. १८९७ सालीं माउंट होलिओक या स्त्रियांच्या महाविद्यालयानें शेंकडा गुणांस अक्षरांची जोड दिली. 'ए' मिळविण्यास शेंकडा ९५ गुण लागत, आणि ७५ च्या खालीं आलेली विद्यार्थिनी नापास ठरे. आपल्याकडे ३५ गुणांवर सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांना हें ऐकून नवल वाटेल. पण यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, आंकड्याला स्वतःचा अर्थ नसतो, तो देणाऱ्या संस्थेच्या रीतीवरून ठरतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडनच्या नमुन्यावर स्थापन झालें. शिकवावें महाविद्यालयांनीं आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठानें, अशी ती वांटणी होती. १८६२ सालीं बी. ए. झालेल्या पहिल्या तुकडींत रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे चौघे होते. या व्यवस्थेनें पक्षपाताला आळा बसला हें निःसंशय. पण वर्षभर विद्यार्थ्यास पाहणाऱ्या गुरूचें मत बाजूस पडलें, आणि तीन तासांची उत्तरपत्रिका व अनोळखी परीक्षक यांच्या हातीं सर्व कांहीं गेलें.

आतां हा परीक्षक कितपत विश्वासार्ह? इंग्लंडांत फ्रान्सिस एजवर्थ यांनीं १८८८ सालींच परीक्षेच्या गुणांतील अनिश्चिततेचा संख्याशास्त्राच्या दृष्टीनें विचार केला होता. पुढें विस्कॉन्सिन येथील स्टार्च व इलियट यांनीं भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे पाठविली. १९१३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत कमींत कमी गुण होते २८, आणि जास्तींत जास्त ९२. भूमितीसारख्या रोखठोक विषयाची ही कथा! ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु फिलिप हार्टोग यांनीं ऱ्होड्स यांच्यासह १९३५ सालीं याहूनही विलक्षण गोष्ट दाखवून दिली. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनीं कांहीं महिन्यांच्या अंतरानें दुसऱ्यांदा तपासल्या. त्या २१० निर्णयांपैकीं ९२ पहिल्याहून भिन्न निघाले. म्हणजे परीक्षकाचें दुसऱ्याशीं तर नाहींच, पण स्वतःशींही एकमत नव्हतें.

यावर एक तोड मिसूरी विद्यापीठांतील मॅक्स मेयर यांनीं १९०८ सालीं सुचविली होती. तेथें एक अध्यापक शेंकडा पंचावन्न विद्यार्थ्यांस सर्वोच्च श्रेणी देई, तर दुसरा अवघ्या एकास. मेयर म्हणाले, प्रमाणच बांधून टाकावें: शेंकडा ३ उत्कृष्ट, २२ चांगले, ५० मध्यम, २२ कनिष्ठ व ३ नापास. उदार व कृपण परीक्षकांतील अंतर यानें मिटतें खरें, पण नवा अन्याय उभा राहतो. सगळा वर्गच हुषार असेल तरी कोणास तरी तळाशीं ढकलावें लागतें, आणि शेजाऱ्याचें यश हें आपलें नुकसान ठरतें.

भारतांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१५ च्या सुमारास सुचविलेल्या पद्धतींत दहा अंकांची श्रेणी आहे. सर्वोच्च श्रेणीस १०, केवळ उत्तीर्णास ४ व अनुत्तीर्णास शून्य. प्रत्येक विषयास अभ्यासाच्या भारानुसार 'श्रेयांक' असतात. समजा, चार विषयांचे श्रेयांक ४, ४, ३ व २ असून विद्यार्थ्यास त्यांत अनुक्रमें ९, ७, ८ व ६ अंक मिळाले. प्रत्येक जोडीचा गुणाकार करून बेरीज केली असतां १०० येते. तिला एकूण १३ श्रेयांकांनीं भागलें कीं ७.६९ ही सत्राची सरासरी. भार न पाहतां नुसती सरासरी काढली असती तर ती ७.५ आली असती. सर्व सत्रांची सरासरी अशाच रीतीनें, श्रेयांकांचा भार धरून, काढतात.

गणित निर्दोष आहे. पण दशांश चिन्हापुढील दोन अंकांनीं जो नेमकेपणाचा भास होतो, तो मूळ गुणांत नसतो. ज्या मापानें एकाच कागदास २८ आणि ९२ असे दोन्ही गुण मिळाले, त्याच्या सरासरींत ७.६९ आणि ७.७० हा भेद शोधणें म्हणजे लांकडाच्या वखारींतील कांट्यावर सोनें तोलणें होय. म्हणून परीक्षा टाकाव्या असें नव्हे. त्यांच्यावांचून वशिल्याचें राज्य येईल, हा धडाही याच इतिहासाचा आहे. दोन परीक्षकांकडून तपासणी, फेरतपासणीचा हक्क व वर्षभराच्या कामाचा विचार हीं त्या कांट्यास स्थिर करण्याचीं साधनें होत. आणि निकालाच्या दिवशीं "किती मिळाले?" या प्रश्नाच्या जोडीला "काय आलें?" हाही प्रश्न ज्या घरांत विचारला जाईल, त्या घरांतील मूल आंकड्याच्या मानानें स्वतःची किंमत ठरविणार नाहीं.