उपटण्याआधी

माझा दातांचा दवाखाना कुंभकोणमहून पापनाशमला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. कुरुवै भाताची कापणी उरकली की हातात थोडा पैसा येतो, आणि लवंग दाबून दाबून कशीबशी गप्प बसवलेली दाढ घेऊन आसपासच्या खेड्यांतली माणसे येतात. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतात, "पिडुंगिडुंगा, अम्मा." उपटून टाका. ऐकून जीव तुटतो, कारण दात राखण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त किडक्या दाताचा उपचार सांगितला आहे. पोखरलेल्या जागी गूळ किंवा मेण भरायचे आणि तापल्या शलाकेने डागायचे. रुईचा आणि सातविणीचा चीक भरायचाही उपाय आहे. डाग बसला की आतली नस मरत असणार आणि कळ थांबत असणार. नस मारा, पोकळी भरा, दात जागेवर ठेवा: आज मी करते त्यामागचा विचार हाच. फक्त मुळाच्या आतपर्यंत वैद्याचा हात पोचत नव्हता, त्यामुळे तिथली घाण तिथेच राहायची.

आमच्या तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७७७–१८३२) धन्वंतरी महाल उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती वैद्यक तिथे एकत्र नांदत होते. परंपरा कुणाचीही असो, गुण आला पाहिजे, ही राजांची दृष्टी. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे चित्रांसकट लिहून ठेवली गेली. ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. छत्रांत, म्हणजे धर्मशाळांत, उतरलेला वाटसरू आजारी पडला तर त्याला वैद्य आणि औषध मिळे. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांतलेच. राजाने रोग्यांची अशी चित्रांसकट नोंद ठेवावी, ही मला तंजावरच्या मराठी राज्याची सर्वांत मोठी मिळकत वाटते, दरबारी संगीताहूनही मोठी.

दाताच्या मुळापर्यंत हात पोचायला मात्र वेळ लागला. पॅरिसच्या प्येर फोशारने १७२८ च्या ग्रंथात दातातली नस काढण्याबद्दल लिहिले होते. सरफोजीराजे गेल्यावर सहा वर्षांनी, १८३८ साली, अमेरिकेत एडवर्ड मेनार्डने घड्याळाची स्प्रिंग घासून मुळात शिरेल अशी बारीक सुई केली. १८४३ मध्ये मलायातल्या झाडाचा चीक, गटापर्चा, सिंगापूरहून विलायतेला गेला, आणि १८६७ च्या सुमारास तो मुळात भरला जाऊ लागला. १८९५ ला क्ष-किरण सापडले, आणि हाडातले मूळ दिसू लागले.

आता खालची पहिली दाढ घ्या. मुळे बहुधा दोन, नळ्या तीन. जागा बधिर करून वरून छिद्र पाडायचे, केसासारखी बारीक फाइल बोटांत फिरवत टोकापर्यंत न्यायची. टोक गाठले की नाही ते एक्स-रेत पाहायचे. फाइलीला लागून काळपट लगदा येतो, कधी पू येतो, त्याचा वास सगळ्या खोलीत भरतो. मग औषधी पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे. इथे घाई केली तर दाढ वर्षभरात पुन्हा उठते. नळ्या कोरड्या झाल्या की गटापर्चाच्या गुलाबी काड्या भरायच्या. त्यांना धरून ठेवणाऱ्या सिमेंटात पुष्कळदा लवंगेतलेच युजेनॉल असते. शेवटी वर टोपी बसवायची, कारण नस काढलेली दाढ सुपारी फोडताना चिरते, आणि इथे पानसुपारी कोण सोडतो?

उपटलेल्या दाढेच्या जागी शेजारचे दात कलतात, समोरचा खाली उतरतो, चावणे एकाच बाजूने होऊ लागते. म्हणून सांगते, खेड्यातले असा की शहरातले, "उपटा" म्हणण्याआधी एक एक्स-रे काढून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, "ही राहील का?" मुळाभोवतीचे हाड शाबूत असेल आणि दात मुळापर्यंत चिरला नसेल, तर बहुतेक वेळा राहते.