जलमार्गांची माहिती आणि संचाराचा हक्क : इंग्लंडमधील कालवे, १९०४ ते १९६८

लांबच्या जलप्रवासास निघालेल्या नाविकाला पुढील मार्ग खुला आहे की नाही, हे कोणी सांगावे? हा प्रश्न वरकरणी केवळ सोयीचा वाटतो. परंतु इंग्लंडमधील कालव्यांच्या विसाव्या शतकातील इतिहासात तो हक्काचा प्रश्न ठरला. जलमार्गांची माहिती जमविणे आणि त्यांवरील संचाराचा हक्क टिकविणे ही दोन कार्ये तेथे कशी एकत्र आली, हे पाहणे उद्बोधक आहे.

इ. स. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा वाहतुकीस खुला झाला आणि पुढील सुमारे सत्तर वर्षांत कालव्यांचे जाळे देशभर पसरले. तथापि हे जाळे एका योजनेतून निर्माण झालेले नव्हते. प्रत्येक कंपनीने पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा मिळवून आपल्या सोयीने कालवा खोदला. त्यामुळे नौकेला वरच्या वा खालच्या पातळीवर नेणाऱ्या जलपाशांची मापे जागोजाग भिन्न राहिली. मध्य इंग्लंडमधील बहुतेक जलपाश सुमारे सात फूट रुंद आणि सत्तर फुटांहून थोडे अधिक लांब होते. उलट लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरील बहुतेक जलपाश दुप्पट रुंद, परंतु लांबीने साठ फुटांच्या आसपासच होते. परिणामी मध्य इंग्लंडमधील पूर्ण लांबीच्या मालवाहू नौकेस त्या कालव्याने पेनाइन डोंगर ओलांडणे शक्य नव्हते. नौकेवरच संसार करणाऱ्या नावाड्यांना असे बारकावे तोंडपाठ असत. मात्र त्यांचे ज्ञान मुखपरंपरेने आलेले आणि नेहमीच्या मार्गांपुरते मर्यादित होते.

हे विखुरलेले ज्ञान ग्रंथबद्ध करण्याचे श्रेय हेन्री रोडॉल्फ डी सॅलिस यांना दिले पाहिजे. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या कालवावाहतूक कंपनीचे ते संचालक होते. अकरा वर्षांत चौदा हजार मैलांहून अधिक जलप्रवास करून त्यांनी इ. स. १९०४ मध्ये ब्रॅडशॉच्या नावाने मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. मैल व फर्लांगांतील अंतरे, जलपाशांची संख्या, नौकांची कमाल मापे आणि बोगदे यांची नोंद त्यात होती.

परंतु अशा ग्रंथाला एक अंगभूत मर्यादा असते. ग्रंथ छापला की स्थिर होतो. कालवा मात्र गाळाने भरत राहतो. इ. स. १८८८ च्या कायद्यान्वये तीन वर्षे वापरात नसलेला कालवा कायमचा सोडून देण्याची परवानगी मिळू शकत असे. म्हणजे वाट अडली की प्रवास थांबे, आणि प्रवास थांबला की हक्कच धोक्यात येई. जुने पुस्तक हे दुष्टचक्र भेदू शकत नव्हते.

ते भेदण्याचा प्रयत्न नव्या प्रवासीवर्गाने केला. एल. टी. सी. रोल्ट यांनी इ. स. १९३९ मध्ये ‘क्रेसी’ नौकेतून केलेल्या प्रवासाचे वर्णन इ. स. १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या वाचनातून रॉबर्ट आयकमन यांचा रोल्ट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि इ. स. १९४६ मध्ये लंडन येथे ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. आयकमन अध्यक्ष, चार्ल्स हॅडफील्ड उपाध्यक्ष आणि रोल्ट चिटणीस झाले. संस्थेच्या पत्रिकेतून जलमार्गांची प्रत्यक्ष स्थिती सभासदांपर्यंत पोहोचू लागली.

या माहितीचे सामर्थ्य लवकरच दिसून आले. बर्मिंगहॅमजवळ लिफर्ड लेन येथे स्ट्रॅटफर्ड कालव्यावरील उचलता पूल बिघडल्यावर त्या जागी अचल पूल बसविण्यात आला होता. संचाराचा कायदेशीर हक्क शाबूत होता. वाट मात्र बंद होती. हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उपस्थित झाल्यावर, पूर्वसूचना देणाऱ्या नौकेसाठी पूल उचलण्याचे ग्रेट वेस्टर्न रेल्वेला मान्य करावे लागले. दि. २० मे १९४७ रोजी जॅक लावून पूल उचलला गेला आणि ‘क्रेसी’ त्याखालून पार झाली.

संस्थेत मतभेदही झाले. प्रत्येक जलमार्ग वाचविलाच पाहिजे, असा आयकमन यांचा आग्रह होता. मोजक्या मार्गांना व नावाड्यांच्या उपजीविकेला अग्रक्रम द्यावा, असे रोल्ट यांचे मत होते. इ. स. १९५१ मध्ये रोल्ट यांना संस्थेतून काढण्यात आले. ज्यांच्या मुखपरंपरेवर या विद्येचा पाया उभा होता, त्या नावाड्यांचा प्रश्न त्यानंतर मागे पडला, ही गोष्ट इतिहासकाराने दृष्टीआड करू नये.

तरीही आयकमन यांच्या भूमिकेला घटनांनी बळकटी दिली. इ. स. १९५८ मध्ये वॉरिकशायर काउंटी कौन्सिलने स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग सोडून देण्याची परवानगी मागितली. तेव्हा एका लहान होडीच्या अलीकडील प्रवासाचा परवाना वापराचा पुरावा म्हणून पुढे आला. इ. स. १९५९ मध्ये परवानगी नाकारण्यात आली, आणि दुरुस्त झालेला हा भाग इ. स. १९६४ मध्ये पुन्हा खुला झाला.

इ. स. १९६८ च्या वाहतूक कायद्याने राष्ट्रीयीकृत कालव्यांचे व्यापारी, विहारोपयोगी आणि उर्वरित असे तीन वर्ग केले. पहिल्या दोन वर्गांच्या देखभालीचे कर्तव्य शासकीय मंडळावर आले. त्याच वेळी या कालव्यांवरील संचाराचा जुना सार्वजनिक हक्क मात्र संपुष्टात आला. प्रवाशांच्या विजयाला ही किंमत जडलेली होती. डी सॅलिस यांच्या काळी प्रवासाची नोंद पुढील प्रवाशाच्या उपयोगाची होती. अर्धशतकानंतर तीच नोंद जलमार्गाच्या अस्तित्वाचा पुरावा बनली. म्हणूनच प्रवाशांची टिपणे, परवाने आणि संस्थांच्या पत्रिका यांना केवळ हौशी वाङ्‌मय न मानता कालव्यांच्या इतिहासाची अस्सल साधने मानणे युक्त होय.